एका हंगामात ५९ विजय: ओल्ड हॉस रॅडबर्नचा हात आणि त्याचा करार

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये आज सामन्याची सुरुवात करणारा पिचर साधारण दर पाच-सहा दिवसांनी एकदा मैदानात उतरतो. हंगामात बत्तीस-तेहतीस सामने त्याच्या वाट्याला येतात. त्यातले वीस जिंकले तर वर्षभर त्याचंच नाव गाजतं. आणि १८८४ च्या हंगामाची नोंद उघडली, तर प्रॉव्हिडन्स ग्रेज या संघाच्या चार्ल्स रॅडबर्नपुढे विजयांचा आकडा दिसतो ५९. संघाने त्या वर्षी एकूण ८४ सामने जिंकले होते. म्हणजे दहातले सात विजय एकाच माणसाच्या हातून आले.

असा आकडा पाहिला की लोक दोनपैकी एक काहीतरी म्हणतात. एक तर ‘तेव्हाचा खेळच पोरखेळ असणार’, नाही तर ‘काय लोखंडी माणूस असेल!’ मला दोन्ही उत्तरं आळशीपणाची वाटतात. हा आकडा कसा तयार झाला हे समजायचं तर त्या वर्षीचं नियमांचं पुस्तक पाहावं लागतं आणि त्याहून जास्त त्या काळच्या खेळाडूचा करार. लोखंडाचा भाग त्यानंतर येतो.

आधी पिचरचं काम

क्रिकेट पाहणाऱ्याला ‘पिचर म्हणजे बोलर’ असं सांगून वेळ मारून नेता येते, पण ते अर्धंच खरं. बोलरचं षटक संपलं की दुसऱ्या टोकाकडून दुसरा येतो. पिचरला असा जोडीदार नसतो. समोरचा संघ खेळत असेपर्यंत प्रत्येक चेंडू तोच टाकतो. आजच्या नियमांत त्याला बदलता येतं, पण एकदा सामन्यातून बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही.

सामना नऊ इनिंगचा. प्रत्येक इनिंगमध्ये समोरच्या संघाचे तीन खेळाडू आउट करायचे. म्हणजे पूर्ण सामना एकट्याने टाकायचा तर २७ आउट. चेंडू टप्पा न पडता बॅटरपर्यंत गेला पाहिजे आणि ठरलेल्या चौकटीतून गेला पाहिजे. चौकटीतला चेंडू सोडला किंवा फटका हुकला की बॅटरच्या नावावर एक स्ट्राइक लागतो. असे तीन लागले की तो आउट, त्याला स्ट्राइकआउट म्हणतात. उलट पिचरने ठरावीक संख्येपेक्षा जास्त चेंडू चौकटीबाहेर टाकले तर बॅटर चालत पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या फेरीतल्या पहिल्या थांब्यावर जातो, फुकटात.

‘विजय’ हा पिचरच्या नावावर लागणारा आकडाही नीट समजून घ्यायला हवा. क्रिकेटमध्ये सामना संघ जिंकतो आणि बोलरच्या नावावर फक्त बळी लागतात. बेसबॉलमध्ये संघ जिंकला की त्या जिंकण्याचं श्रेय एका पिचरच्या खात्यात जमा होतं. तेव्हा रॅडबर्नचे ५९ म्हणजे ५९ गडी नव्हेत, संघाने जिंकलेले आणि त्याच्या खात्यावर चढलेले ५९ सामने.

त्या हंगामात त्याने ७३ सामन्यांची सुरुवात केली आणि ७३ च्या ७३ सामने स्वतःच संपवले. एकूण ६७८ पूर्ण इनिंग आणि वर दोन आउट. हिशेब केला तर २,०३६ आउट एका उजव्या हाताने. तुलनेला सांगायचं तर मेजर लीगमध्ये एका हंगामात ३०० इनिंगचा टप्पा ओलांडणारा शेवटचा पिचर स्टीव्ह कार्लटन, तोही १९८० साली, ३०४ इनिंग टाकून. हल्ली दोनशेसुद्धा मोजकेच टाकतात.

ब्लूमिंग्टनचा खाटकाचा पोरगा

चार्ल्स गार्डनर रॅडबर्नचा जन्म ११ डिसेंबर १८५४ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर गावचा. आईवडील इंग्लंडहून आलेले. वडील खाटीक. पोर वर्षाचं होतं तेव्हाच कुटुंब इलिनॉय राज्यातल्या ब्लूमिंग्टनला गेलं आणि हेच त्याचं गाव झालं. मोठा झाल्यावर तो वडिलांच्या हाताखाली खाटीककाम करायचा. काही काळ रेल्वेत ब्रेक्समन होता. त्या काळचा ब्रेक्समन म्हणजे चालत्या मालगाडीच्या टपावरून डब्या-डब्यावर जाऊन हाताने ब्रेक आवळणारा माणूस. तेव्हा मनगटं आणि खांदे कमावण्यासाठी त्याला व्यायामशाळेची गरज नव्हती.

चेंडूफेक तो गावातच शिकला, लाकडी भिंतीवर तासन्‌तास चेंडू मारून. १८७८ मध्ये पियोरियाच्या संघातून, १८७९ मध्ये आयोवातल्या डुब्युकमधून खेळला. १८८० साली नॅशनल लीग या मोठ्या व्यावसायिक स्पर्धेतल्या बफलो संघाने त्याला घेतलं, पण तिथे खांदा दुखावला. सहा सामने, तेही क्षेत्ररक्षक म्हणून, आणि संघाने नारळ दिला. वय पंचवीस, हातात पुन्हा खाटकाची सुरी. तिथेच गोष्ट संपली असती तर कुणाला आश्चर्य वाटलं नसतं. पण १८८१ मध्ये ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स ग्रेजने त्याला बोलावलं.

ग्रेज हा नावाजलेला संघ होता. १८७९ ची नॅशनल लीग त्यांनी जिंकली होती. त्यांचा मुख्य पिचर जॉन माँटगोमेरी वॉर्ड. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल. वॉर्डने १८८० मध्ये ‘परफेक्ट गेम’ टाकला होता, म्हणजे समोरच्या संघातला एकही खेळाडू बेसवर पोचू दिला नव्हता. रॅडबर्न त्याच्याबरोबर आलटून पालटून पिचिंग करू लागला आणि पहिल्याच वर्षी २५ सामने जिंकला.

१७ ऑगस्ट १८८२ चा सामना या जोडीचं काम कसं चाले ते नेमकं दाखवतो. डेट्रॉइटविरुद्ध वॉर्डने अठरा इनिंग एकट्याने टाकल्या. दोन्ही बाजूंना शून्य. अठराव्या इनिंगमध्ये राइट फील्डला, म्हणजे बाहेरच्या मैदानाच्या उजव्या बाजूला, उभ्या असलेल्या खेळाडूची बॅटिंग आली, त्याने होम रन (एकाच फटक्यात बेसची पूर्ण फेरी) मारला आणि सामना १-० असा संपला. तो राइट फील्डर होता रॅडबर्न. ज्या दिवशी पिचिंग नसेल त्या दिवशी पिचरने सुट्टी घ्यायची हा प्रकारच नव्हता. त्याला मैदानात दुसरीकडे उभं केलं जायचं. त्यामागे काटकसर होती, आणि एक नियमही होता.

एवढे कमी पिचर का?

नियम असा की, सामना सुरू झाल्यावर दुखापत किंवा आजारपण सोडून बदली खेळाडू घेता यायचा नाही. पिचर थकला, धुतला जाऊ लागला, तरी बाकावरून ताजा माणूस आणता येत नसे. मैदानात आधीच उभ्या असलेल्या नऊ जणांतच अदलाबदल करायची. म्हणून संघाचा दुसरा पिचर बऱ्याचदा राइट फील्डला उभा असे. पहिला ढेपाळला की दोघं जागा बदलत. मनासारखी बदली करण्याची मुभा १८८९ ते १८९१ या काळात टप्प्याटप्प्याने मिळाली.

दुसरं कारण पैसा. संघ म्हणजे अकरा-बारा माणसं. प्रत्येक जादा माणसामागे पगार, रेल्वेचं तिकीट आणि हॉटेलचा खर्च. मालकांना तिसरा पिचर ही चैन वाटायची. दोन असले की झालं.

त्यामुळे प्रचंड इनिंग टाकणारा रॅडबर्न एकटा नव्हता, आणि त्याच्याबद्दल लिहिताना नेमकी हीच गोष्ट गाळली जाते. सिनसिनाटीच्या विल व्हाइटने १८७९ मध्ये ६८० इनिंग टाकल्या होत्या. १८८४ मध्येच लुइव्हिलच्या गाय हेकरने ६७० च्या वर टाकल्या आणि ५२ सामने जिंकले. बफलोच्या पड गॅल्व्हिनने त्याच वर्षी ६३६ टाकल्या. खुद्द रॅडबर्नने आदल्या वर्षी, १८८३ मध्ये, ६३२ इनिंग टाकून ४८ विजय मिळवले होते. त्यात २५ जुलैला क्लीव्हलंडविरुद्धचा एक ‘नो-हिटर’ही होता, म्हणजे समोरच्या संघाला अख्ख्या सामन्यात एकही हिट, फटका मारून बेस गाठणं, मिळाला नव्हता. थोडक्यात, सहाशे इनिंग हे त्या काळच्या मुख्य पिचरचं कामच होतं.

आता हे हाताला झेपायचं कसं? १८८४ पर्यंत नॅशनल लीगमध्ये हात खांद्याच्या वर नेऊन चेंडू फेकायची परवानगी नव्हती. सुरुवातीच्या काळात तर कमरेखालूनच फेकावं लागे. मग मर्यादा हळूहळू वर सरकत गेली आणि १८८४ मध्ये उठवलीच. खालून फेकताना खांद्यावर आणि कोपरावर ताण कमी येतो. आजही सॉफ्टबॉलमध्ये खालून फेकणाऱ्या पिचर लागोपाठच्या दिवशी सामने टाकताना दिसतात. रॅडबर्न खालून, बाजूने, वरून अशा वेगवेगळ्या कोनांतून फेकायचा आणि चेंडूचा वेग सतत बदलायचा. निव्वळ जोरावर त्याची भिस्त नव्हती. शरीरही काही राक्षसी नव्हतं, मध्यम बांध्याचा माणूस.

पिचर तेव्हा आजच्यासारखा उंचवट्यावर, रबराच्या पट्टीला पाय लावून उभा नसे. सपाट जमिनीवर आखलेला एक चौकोन असायचा, चार फूट रुंद आणि सहा फूट लांब. त्यात तो दोन पावलं धावू शकत होता, उडी मारू शकत होता. चौकोनाची पुढची रेघ बॅटरच्या होम बेसपासून ५० फुटांवर. आज अंतर ६० फूट ६ इंच आहे, म्हणून ‘तेव्हा साडेदहा फूट जवळून फेकायचे’ असं सर्रास लिहिलं जातं. ते तितकंसं बरोबर नाही. आजचं अंतर मागच्या पायापासून मोजतात, तेव्हाचं पुढच्या रेघेपासून मोजायचे. १८९३ मध्ये आजचं अंतर ठरलं तेव्हा पिचर प्रत्यक्षात पाचेक फूट मागे सरकला.

पिचरच्या बाजूने आणखी एक मोठी गोष्ट होती, फुकट बेस मिळायला १८८४ च्या नॅशनल लीगमध्ये सहा वाईट चेंडू लागायचे. आज चार लागतात. पण नियम सगळेच त्याच्या सोयीचे नव्हते. बॅटर मैदानात आला की आधी सांगायचा, मला ‘हाय’ चेंडू हवा की ‘लो’. हाय म्हणजे कमरेपासून खांद्यापर्यंत, लो म्हणजे कमरेपासून गुडघ्यापर्यंत. त्याने मागितलेल्या अर्ध्या पट्ट्यातच चेंडू टाकावा लागायचा. समोरच्याने कुठे टाकायचं ते जाहीर केलंय आणि तरीही त्याला चकवायचंय. अचूकतेची याहून कडक परीक्षा मला तरी सुचत नाही. रॅडबर्नने त्या वर्षी ४४१ स्ट्राइकआउट घेतले.

मागे उभे असलेले क्षेत्ररक्षक बहुतेक उघड्या हातांनी झेलायचे. बॅटरमागे बसून चेंडू धरणाऱ्या कॅचरच्या हातातलं कातडंही आजच्या मानाने नावापुरतं. त्यामुळे चुका रोजच्या, आणि चुकांमुळे निघालेल्या धावा पिचरच्या हिशेबात धरत नाहीत. पिचरची खरी कामगिरी मोजायला नऊ इनिंगमागे किती ‘कमावलेल्या’ धावा गेल्या तो आकडा पाहतात. रॅडबर्नचा १.३८ होता. जितका कमी तितका चांगला, आणि हा फारच कमी आहे. मात्र त्याच्याविरुद्ध प्रत्यक्षात निघालेल्या धावा याच्या दुपटीहून जास्त होत्या. म्हणजे क्षेत्ररक्षकाने सोडलेला चेंडू, त्यामुळे वाढलेली इनिंग, वाढलेले चेंडू, हे सगळं त्याच हाताने निस्तरायचं होतं. ६७८ इनिंगचा आकडा पाहताना हे डोळ्याआड होतं.

१८८४ चा जुलै

वॉर्डला १८८३ च्या आधीच न्यूयॉर्कने नेलं होतं. त्याच्या जागी प्रॉव्हिडन्सकडे आलेला दुसरा पिचर चार्ली स्वीनी, सॅन फ्रान्सिस्कोचा, एकविशीतला, वेगवान. ७ जून १८८४ ला त्याने बॉस्टनविरुद्ध एकाच सामन्यात १९ स्ट्राइकआउट घेतले. नऊ इनिंगच्या सामन्यात हा आकडा ओलांडायला रॉजर क्लेमन्सला १९८६ साल उजाडावं लागलं. यावरून पोराच्या हातात काय होतं ते कळेल.

रॅडबर्नला हे बोचू लागलं. एकोणतीस वर्षांचा, मुळातच तिरसट, पिण्याची सवय. वर आपल्यापेक्षा पगार कुणाला जास्त मिळतो हा विषय डोक्यात घोळणारा. १६ जुलैच्या सामन्यात तो पंचावर भडकला, आपल्याच माणसांवर भडकला आणि मग असे चेंडू टाकू लागला की कॅचर बार्नी गिलिगनला ते धरताच येईनात. मुद्दाम हरतोय असा संशय आला. संघाने त्याला बिनपगारी निलंबित केलं.

एक पिचर घरी. उरला स्वीनी. २२ जुलैला फिलाडेल्फियाविरुद्ध तो पिऊनच आलेला होता. तरी संघ ६-२ असा पुढे होता. सातव्या इनिंगच्या सुमाराला व्यवस्थापक फ्रँक बँक्रॉफ्टने त्याला सांगितलं, राइट फील्डला जा, तिथल्या मिलरला पिचिंग करू दे. वर सांगितलेल्या नियमाप्रमाणे बदल करायचा तो हाच मार्ग होता. स्वीनीने शिव्या दिल्या, मैदान सोडलं आणि तो निघून गेला. बदली घेता येत नव्हती, म्हणून प्रॉव्हिडन्सने उरलेला सामना आठ जणांत खेळला. बाहेरच्या मैदानात तिघांऐवजी दोघं. सामना १०-६ असा गेला. स्वीनीची हकालपट्टी झाली आणि तो युनियन असोसिएशन या प्रतिस्पर्धी लीगमधल्या सेंट लुईसला जाऊन मिळाला.

आठवड्याभरात दोन्ही पिचर गेले. मालकांमध्ये संघच बरखास्त करायची भाषा सुरू झाली. बँक्रॉफ्ट रॅडबर्नकडे गेला आणि तिथे सौदा ठरला. उरलेल्या हंगामाचं पिचिंग मी एकटा करतो, म्हणाला तो. बदल्यात पैसे वाढवा, आणि हंगाम संपला की मला आरक्षणातून मोकळं करा.

यातली दुसरी अट पहिलीपेक्षा मोठी होती.

आरक्षण म्हणजे काय

१८७९ मध्ये नॅशनल लीगच्या मालकांनी आपसात ठरवलं की प्रत्येक संघ आपले पाच खेळाडू ‘राखीव’ ठेवेल. राखीव खेळाडूला दुसरा कोणताही संघ घेणार नाही. पुढे ही संख्या वाढत जाऊन १८८३ मध्ये अकरा झाली, म्हणजे जवळजवळ अख्खा संघच. कागदावर करार एका वर्षाचा असायचा. पण वर्ष संपल्यावर खेळाडूपुढे पर्याय दोनच: त्याच मालकाशी, तो देईल त्या पगारावर पुन्हा सही करायची, नाही तर खेळणं सोडायचं. मालक मात्र खेळाडूला हवं तेव्हा काढू शकत होता. बाजारात तुम्हाला मागणी कितीही असो, बोली लावायला दुसरं कुणी येणारच नाही अशी तजवीज.

रॅडबर्न १८८३ मध्ये ४८ सामने जिंकूनही दुसऱ्या संघाकडे जाऊन ‘तुम्ही किती देता?’ असं विचारू शकत नव्हता. १८८४ च्या जुलैत मालकांची मान पहिल्यांदाच त्याच्या हातात आली. संघ बुडायला लागला होता आणि हात एकच शिल्लक होता. त्याने तो हात वटवला. या हंगामाला निष्ठेची, जिद्दीची कहाणी म्हणून रंगवतात. जिद्द होतीच. पण मला त्यात एका कामगाराने नेमक्या वेळी केलेली पगारवाटाघाट जास्त ठळक दिसते.

त्यानंतरच्या दोन-अडीच महिन्यांत संघाचे जवळपास सगळे सामने त्यानेच टाकले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत प्रॉव्हिडन्सने सलग २० सामने जिंकले, त्यातले बहुतेक रॅडबर्नचे. लीग संपली तेव्हा दुसऱ्या क्रमांकावरचं बॉस्टन साडेदहा सामन्यांनी मागे होतं.

बँक्रॉफ्टने पुढे सांगितलेली एक आठवण आहे. सकाळी उठल्यावर रॅडबर्नला केसांवरून ब्रश फिरवण्याइतकाही हात वर नेता येत नसे. बाकीचे खेळाडू यायच्या कितीतरी आधी तो मैदानावर जायचा. सुरुवातीला चार पावलांवर चेंडू टाकायचा. मग थोडं लांब, मग आणखी लांब. असं करत करत शेवटी तो थेट बाहेरच्या मैदानात जाऊन उभा राहायचा आणि तिथून होम बेसवर फेकायचा प्रयत्न करायचा. एव्हाना बाकीची मंडळी जमलेली असायची. वरवर आपापला सराव, पण डोळे सगळ्यांचे त्याच्यावर. तो लांबचा चेंडू नेमका होम बेसवर पोचला की एकमेकांकडे बघून म्हणायचे, ‘ओल्ड हॉस’ तयार आहे, आता आपण हरत नाही. हॉस म्हणजे घोडा, जुंपला की ओढत राहणारा. हे टोपणनाव त्याला कायमचं चिकटलं.

हात दुखायचा थांबला नव्हता. तो रोज नव्याने सैल करून घ्यावा लागत होता. आजचा कोणताही प्रशिक्षक हे पाहून घाबरेल, आणि बरोबरच आहे. फरक एवढाच की तेव्हा वाया गेलेल्या हातांची मोजदाद कुणी ठेवत नव्हतं. स्वीनीचंच पाहा. त्याचा हात लवकरच गेला आणि १८८७ पर्यंत तो मोठ्या लीगमधून बाहेर होता.

ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या लीगच्या, म्हणजे अमेरिकन असोसिएशनच्या विजेत्या न्यूयॉर्क मेट्रोपॉलिटन्सशी प्रॉव्हिडन्सची तीन सामन्यांची लढत झाली. २३, २४ आणि २५ तारखेला, लागोपाठ तीन दिवस, न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर. दोन लीगच्या विजेत्यांमधली ही पहिली अधिकृत मालिका मानली जाते, आजच्या वर्ल्ड सिरीजची पूर्वज. तिन्ही दिवस पिचर एकच. ६-०, ३-१, १२-२. तिसऱ्या दिवशी कडाक्याच्या थंडीत प्रेक्षक काही शेच उरले होते.

नंतर

मालकांनी शब्द पाळला. रॅडबर्न मोकळा झाला. आणि मोकळा झाल्यावर त्याने वाढीव पगारावर पुन्हा प्रॉव्हिडन्सशीच सही केली. यात विसंगती नाही. त्याला जायचं होतं असं नाही, भाव करता यायला हवा होता.

पण १८८५ चा हंगाम साधारण गेला, २८ विजय आणि २१ पराभव. वर्षअखेर ग्रेजचा धंदाच बसला. बॉस्टनच्या मालकांनी संघ विकत घेतला, मुख्यतः रॅडबर्नसाठी. वर्षापूर्वी हात पणाला लावून सुटका मिळवलेला माणूस आता संघाच्या मालमत्तेबरोबर बॉस्टनला गेला. १८८६ च्या सुरुवातीला बॉस्टन आणि न्यूयॉर्कच्या खेळाडूंचा एकत्र फोटो काढला गेला. त्यात मागच्या रांगेत रॅडबर्न कॅमेऱ्याकडे मधलं बोट दाखवून उभा आहे. हा हावभाव टिपलेला सर्वांत जुना ज्ञात फोटो म्हणून तो आज त्याच्या पिचिंगइतकाच प्रसिद्ध आहे.

बॉस्टनमध्ये नियमही त्याच्यावर उलटले. १८८७ पासून पिचरची चौकोनातली धाव बंद झाली, मागच्या रेघेवर पाय ठेवून फेकणं आलं. त्याची सगळी लय त्या दोन पावलांत होती. त्याच वर्षी बॅटरचा हाय-लो मागण्याचा हक्कही गेला, तो फायदा मात्र साऱ्याच पिचरना सारखा मिळाला. १८८८ मध्ये रॅडबर्नचे विजय ७, पराभव १६.

इथे वॉर्ड परत येतो. खेळता खेळता त्याने कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली होती आणि १८८५ मध्ये खेळाडूंची पहिली संघटना उभी केली होती. आरक्षणावर मालक हटत नाहीत म्हटल्यावर या संघटनेने १८९० मध्ये स्वतःचीच ‘प्लेअर्स लीग’ काढली. पस्तिशी गाठलेला रॅडबर्न जुन्या साथीदाराच्या या लीगमध्ये बॉस्टनकडून खेळला, २७ सामने जिंकला आणि त्याच्या संघाने विजेतेपद मिळवलं. लीग एका वर्षात कोसळली. आरक्षणाचं कलम त्यानंतर आणखी पंचाऐंशी वर्षं टिकलं, १९७५ च्या अखेरीस एका लवादाच्या निर्णयाने त्याचा कणा मोडला.

१८९१ ला सिनसिनाटीत शेवटचा हंगाम. अकरा वर्षांत ३०९ विजय. मग ब्लूमिंग्टनला परतून त्याने बिलियर्डचं टेबल असलेला दारूचा गुत्ता चालवला. १८९४ मध्ये शिकारीत गोळी लागून डावा डोळा गेला, चेहरा विद्रूप झाला, बोलण्यावर परिणाम झाला. लोकांसमोर येणं त्याने सोडलं. गुत्त्याच्या मागच्या खोलीत बसायचा. ५ फेब्रुवारी १८९७ ला तो वारला, तेव्हा वय ४२. सिफिलिसने आधीच पोखरलेलं शरीर होतं. १९३९ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या स्मारकात, त्याचं नाव लागलं.

५९ की ६०?

शोधायला गेलात तर काही ठिकाणी ६० विजय सापडतील. दोन्ही आकड्यांमागे भांडण एकाच सामन्याचं आहे. २८ जुलै १८८४, फिलाडेल्फियाविरुद्ध. सुरुवात मिलरने केली होती. त्याने पाच इनिंग टाकल्या, मग रॅडबर्न राइट फील्डवरून येऊन उरलेल्या चार टाकून गेला आणि एकही धाव दिली नाही. पण प्रॉव्हिडन्सने निर्णायक आघाडी घेतली ती त्याने चेंडू हातात घेण्याआधी. आजच्या प्रथेप्रमाणे असा विजय मिलरच्या खात्यात जातो. १८८४ मध्ये असा पक्का नियम नव्हता, गुणलेखकाला ज्याचं काम सरस वाटेल त्याला तो श्रेय देई, आणि त्या दिवशी त्याने रॅडबर्नला दिलं. म्हणून आजच्या प्रथेने मोजलं तर ५९, तेव्हाच्या गुणलेखकाचं मानलं तर ६०. हॉल ऑफ फेमच्या पाटीवर एकूण विजयांचा आकडाच नाही. तिथे हंगामातले शेवटचे २७ सामने टाकून २६ जिंकले असं कोरलंय, आणि त्याच्या आडनावाच्या शेवटी एक जादा ‘ई’ लावलाय.